मेंदूची खबर आणि संगणकाचें गणित

शितावरून भाताची परीक्षा करण्याची चाल आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरांत आहे. आणि ती निर्धास्तपणें चालते, कारण भांड्यांतील सगळा भात एकाच आधणांत शिजलेला असतो. पण परीक्षा करावयाची ती जिवंत मेंदूची असेल आणि शीत काढतांना भोंवतालचा भातच थोडा बदलत असेल, तर काय करावें? डोक्यास जबर मार लागून बेशुद्ध पडलेल्या रोग्याच्या बाबतींत हा प्रश्न डॉक्टरांपुढें खरोखरच उभा राहतो.

अशा रोग्याच्या मेंदूंत कांहीं मोठ्या रुग्णालयांतून एक अतिशय बारीक नळी बसवितात. तिच्या टोंकाला सुमारें १० मिलिमीटर लांबीचा सच्छिद्र पडदा असतो. आंतून क्षारयुक्त पाणी मिनिटाला अवघें ०.३ मायक्रोलिटर या गतीनें वाहत असतें आणि पेशींमधील फटींतून ग्लुकोज नांवाची साखर व इतर द्रव्यें पडद्यावाटे त्यांत झिरपतात. तासाभरांत जमतें तें १८ मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाच्या निम्म्याहूनही कमी. स्वीडनमधील उप्साला येथें पर्सन व हिलेरेड यांनीं अत्यवस्थ रोग्यांवरील या उपायाचा अनुभव १९९२ सालीं प्रसिद्ध केला.

आतां यांतील अडचण पाहा. मेंदूंतील द्रव्य पाण्यांत पुरतें उतरण्यापूर्वींच पाणी पुढें निघून जातें. वरील संथ गतीला साखर सुमारें ७० टक्के उतरते. गति मिनिटाला १ मायक्रोलिटर केली कीं तें प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास येतें. बरें, प्रयोगशाळेंतील पेल्यांत नळी बुडवून हें प्रमाण ठरवावें, तर तें मेंदूला जसेंच्या तसें लागू पडत नाहीं. मेंदूंत द्रव्याला अरुंद, वळणावळणाच्या फटींतून यावें लागतें; वाटेंत पेशी तें शोषून घेतात, रक्तवाहिन्या तें आणतात आणि नेतातही.

येथें गणित मदतीला येतें. अमेरिकेंतील बंगे, मॉरिसन व डेड्रिक यांनीं १९९० सालीं वाहतें पाणी, पडदा आणि मेंदूंतील पेशीजाल या तीन अडसरांचा हिशेब मांडणारीं समीकरणें दिलीं. अशा समीकरणांतील एकेक राशि संगणकावर बदलून पाहतां येते: गति वाढली तर काय, फटी अरुंद झाल्या तर काय, रक्तपुरवठा घटला तर काय. रोग्याच्या मेंदूवर जे प्रयोग करण्यास कोणी धजणार नाहीं, ते संगणक निमूटपणें करून दाखवितो. २००३ सालीं बंगे यांनीं सहकाऱ्यांसह अशाच गणितानें दाखविलें कीं, नळी घुसतांना भोंवतीं जखमी झालेला पातळसा थरही डोपामीन या द्रव्याच्या मापनाचा अर्थ बदलूं शकतो.

म्हणून डॉक्टर एकट्या आंकड्यावर विसंबत नाहींत. लॅक्टेट व पायरुव्हेट यांचे रेणू जवळजवळ सारख्या आकाराचे आहेत. त्यामुळें दोहोंची उतरण्यांतील तूट बहुतांशीं सारखीच असते व त्यांच्या गुणोत्तरांत ती कटून जाते. हें गुणोत्तर ४० च्या वर गेलें, तर पेशींच्या शक्तिपुरवठ्यांत बिघाड झाल्याची शंका बळावते.

रुग्णशय्येशेजारीं बसलेल्या आप्तांना यंत्रावरील आंकडा म्हणजे दैवाचा निकाल वाटावा, हें स्वाभाविक आहे. परंतु तो आंकडा नळींतून बाहेर आलेल्या पाण्याचा असतो. तेथून मेंदूपर्यंतचें अंतर अनुमानानेंच तोडावें लागतें. तेव्हां "आज किती?" एवढ्यावरच न थांबतां "कालच्यापेक्षां कसें आहे, आणि इतर खुणा काय सांगतात?" असेंही डॉक्टरांस विचारावें. त्या उत्तरांत आशा वा चिंता, जें असेल तें अधिक खरें असेल.