चौदा इंची मूर्खपणा?

गेल्या महिन्यात भाचा पुण्याहून आला होता. पाहुण्यांना आम्ही सहसा समुद्रावर नेतो, पण ह्या महाशयांना वाळूत काडीचा रस नाही. कॉम्प्युटरवर युद्धनौकांचे खेळ खेळून त्याला टनांचे आणि इंचांचे आकडे तोंडपाठ झालेत. शेवटी गाडी काढली आणि विल्मिंग्टनला गेलो. तिथे केप फिअर नदीत 'नॉर्थ कॅरोलायना' ही दुसऱ्या महायुद्धातली युद्धनौका आता संग्रहालय म्हणून उभी आहे.

तोफांखाली उभं राहून साहेब म्हणाले, "मामा, हे बघ, सोळा इंची, नऊ! आणि ब्रिटिशांनी त्याच वेळी 'किंग जॉर्ज द फिफ्थ' बांधली ती चौदा इंची. काय मूर्ख लोक!"

हे वाक्य मी आजवर इतक्या जणांकडून ऐकलंय की आता राहवत नाही. ताई, तुझ्या लेकाला मी जाहीरपणे झापतोय, रागावू नकोस :)

आधी थोडा हिशोब. १९२२ च्या वॉशिंग्टन करारामुळे युद्धनौकेचं वजन ३५,००० टनांच्या आत ठेवावं लागे. तोफा, चिलखत, इंजिनं, सगळं त्यातच. एकाला दिलं की दुसऱ्याचं काढायचं, महिनाअखेरीच्या पगारासारखं. मग मार्च १९३६ चा लंडन करार आला आणि तोफेवरही १४ इंचांची मर्यादा पडली. त्यात एक पळवाट होती: एप्रिल १९३७ पर्यंत जपानने मान्यता दिली नाही तर १६ इंच चालतील. जपान तर जानेवारी १९३६ मध्येच बैठकीतून उठून गेला होता. अमेरिका थांबली आणि १६ इंचांवर गेली. ब्रिटन थांबलं नाही.

मूर्खपणा म्हणतात तो हाच. पण युद्धनौकेत सगळ्यात जास्त वेळ लागतो तो तोफांना आणि त्यांच्या फिरत्या बुरुजांना. १९४० मध्ये जहाज हवं असेल तर त्यांची ऑर्डर १९३६ मध्येच द्यावी लागते. तिकडे जर्मनीने जुलै १९३६ मध्ये 'बिस्मार्क'चं काम सुरूही केलं होतं. जपान काय करतो ह्याची वाट बघत बसायची चैन अमेरिकेला परवडत होती, तिच्या दोन्ही बाजूंना महासागर आहेत. ब्रिटनला ती परवडणारी नव्हती.

आता चिलखताचं बघा. मूळ आराखड्यात १२ तोफा होत्या, चार-चारचे तीन बुरूज. मग दारूकोठारांवरचं संरक्षण वाढवायचं ठरलं, आणि त्या वजनासाठी एक बुरूज चाराचा दोनाचा केला. राहिल्या दहा. कोठारांच्या बाजूला पट्टा १५ इंच जाड. उलट नॉर्थ कॅरोलायनाला तोफा मिळाल्या १६ इंची, पण चिलखताचा हिशोब राहिला १४ इंची गोळ्यांचाच. म्हणजे स्वतःच्या तोफेचा मार स्वतः सोसता येणार नाही! तिथेही काहीतरी सोडलंच होतं, फक्त ते खेळाच्या पडद्यावर दिसत नाही.

गोळा हलका होता हे कबूल. ब्रिटिश ७२१ किलो, अमेरिकन १,२२५ किलो. फरक लहान नाही. पण मे १९४१ मध्ये बिस्मार्क अटलांटिकमध्ये शिरली तेव्हा कोण कुठे होतं? नॉर्थ कॅरोलायना एप्रिलमध्ये नौदलात दाखल झाली खरी, पण वेगात थरथरायची म्हणून चाचण्यांवर चाचण्या चालू होत्या. इतक्या वेळा ये-जा झाली की 'शोबोट' हे नाव पडलं. शिवाय अमेरिका युद्धातच नव्हती. समोर उभी राहिली ती 'प्रिन्स ऑफ वेल्स', इतकी नवी की कारखान्याचे कामगार अजून जहाजावरच होते. २४ मे रोजी तिच्या तोफा सारख्या अडकत होत्या, तरी तिने बिस्मार्कला तीन गोळे मारले. त्यातल्या एकाने तेलाच्या टाक्या फोडल्या आणि बिस्मार्कला मोहीम सोडून फ्रान्सची वाट धरावी लागली. तीन दिवसांनी 'किंग जॉर्ज द फिफ्थ' आणि 'रॉडनी'ने तिला गाठलं.

त्याच सकाळी 'हूड' बुडाली. १,४१८ माणसांतली तीन वाचली. तिचं संरक्षण जुनं झालंय हे सगळ्यांना माहीत होतं, १९४१ मध्ये मोठी दुरुस्ती करायची असं ठरलंही होतं. त्याआधीच युद्ध आलं. उशिराची किंमत अशी असते.

आणि ब्रिटिशांनी १६ इंची जहाजं आखली नव्हती असं नाही. 'लायन' वर्ग नावाची नऊ तोफांची उत्तम जहाजं आखली होती. १९३९ मध्ये दोघांची बांधणी सुरू झाली, युद्ध लागल्यावर काम थांबलं. एकही पाण्यात उतरलं नाही. कागदावर मात्र ती अजूनही फार सुंदर दिसतात.

मी आंधळा भक्त नाही. ब्रिटिशांची खरी चूक वेगळी होती. पुढच्या बुरुजाला थेट समोर, खालच्या कोनात मारता यावं म्हणून पुढचं टोक बुटकं ठेवलं, आणि लाट आली की डेक पाण्याखाली. चार तोफांच्या बुरुजातली यंत्रणा नको तितकी गुंतागुंतीची होती. त्याबद्दल खुशाल शिव्या घाला. आणि १० डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी मलायाजवळ प्रिन्स ऑफ वेल्स बुडवली. त्या टॉर्पेडोंपुढे सोळा इंची तोफांनीही काही केलं नसतं.

पण फक्त तोफेचा रकाना वाचून माणसांना मूर्ख ठरवू नका. आराखड्यात तारीखही असते, टनांइतकीच जड.

परतताना गाडीत हे सगळं भाच्याला ऐकवलं. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, पटलं. मग म्हणाला, "मामा, पण 'लायन' खेळात आहे. मी घेतलीये." असो.