घरांतील जुना रंगीत टी.व्ही.

जुन्या वस्तूंचा विषय निघाला म्हणजे आपण नाणीं, ताम्रपट व तलवारी ह्यांविषयीं बोलूं लागतों. माळ्यावर फाटक्या चादरीखालीं पडलेला घरचा जुना रंगीत टी.व्ही. हाहि इतिहासाचा पुरावा आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या मनांत येत नाहीं. तो भंगारवाल्याच्या हवालीं होण्यापूर्वीं घरच्या मुलांनीं त्याची नीट ओळख करून घ्यावी आणि ती कागदावर उतरून ठेवावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. ह्या कामीं दोन साक्षीदार लागतात, एक मनुष्य व दुसरें यंत्र. आणि त्या दोघांची साक्ष पुष्कळदां जुळत नाहीं.

प्रथम मनुष्याची साक्ष पाहूं. "आमच्याकडे पहिल्यापासून रंगीतच टी.व्ही. होता," असें सांगणारीं घरें थोडीं नाहींत. परंतु सालांचा मेळ घालून पाहावा. मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. देशांत रंगीत प्रक्षेपणास आरंभ झाला तो १९८२ सालीं. प्रथम १५ ऑगस्टच्या दिल्लीच्या समारंभानें, व पुढें नोव्हेंबरांतील आशियाई क्रीडास्पर्धांनीं. मधलीं दहा वर्षें मुंबईकरांनीं घरीं बसून जें पाहिलें तें कृष्णधवल होतें. तेव्हां 'चिमणराव' ही मालिका आपण त्याच काळीं रंगांत पाहिली असें कोणी आजोबा सांगूं लागले, तर ते असत्य बोलतात असें नव्हे. त्यांच्या स्मृतीनें मागाहून रंग भरला, इतकेंच.

ह्याला आणखीहि एक कारण आहे. कृष्णधवल टी.व्ही.च्या कांचेपुढें लावावयाचा रंगीत प्लास्टिकचा पडदा त्या काळीं बाजारांत मिळत असे. त्याच्या वरच्या भागीं निळा व खालच्या भागीं हिरवा रंग असे. त्यामुळें आकाश निळें आणि गवत हिरवें दिसे खरें. पण बातम्या सांगणाऱ्या बाईंचें कपाळहि निळेंच दिसे! ज्या बालकांनीं हें पाहिलें, त्यांनीं आपल्या घरीं रंगीत टी.व्ही. होता असें आयुष्यभर सांगितल्यास नवल काय?

म्हणून यंत्रालाच विचारावें. पुढील बाजूचें कंपनीचें नांव तेवढें वाचून थांबूं नये. कारण बाहेरून आणविलेले सुटे भाग येथें जुळवून अनेक भारतीय कंपन्यांनीं आपापल्या नांवानें ते संच विकले. पाठीमागील झांकणावर जी पट्टी असते, तीवरील मॉडेलचा व संचाचा क्रमांक जसाच्या तसा उतरून घ्यावा. पिक्चर ट्यूबवरहि क्रमांक असतो. तो युरोपीय पद्धतीचा असेल, तर आरंभीं 'ए' हें अक्षर, त्यापुढें पडद्याच्या कर्णाचें सेंटिमीटरांतील माप आणि शेवटच्या भागीं एक खुणेचें अक्षर येतें. 'एक्स' असल्यास ट्यूब रंगीत, 'डब्ल्यू' असल्यास कृष्णधवल. 'ए ५१' म्हणजे ज्यास आपण वीस इंची म्हणत होतों तो टी.व्ही.

येथें विद्यार्थ्यांस एक कडक ताकीद दिली पाहिजे. झांकण स्वतः उघडूं नये. रंगीत ट्यूबचा दाब सुमारें २५,००० व्होल्टपर्यंत असतो, आणि प्लग काढल्यावरहि विजेचा सांठा आंत राहूं शकतो. हें काम जाणत्या मेकॅनिकाचें आहे. विद्यार्थ्यांनीं त्यापेक्षां ट्रंकेच्या तळाशीं दुकानदाराची पावती, हमीपत्र किंवा पोस्टांत पैसे भरून मिळणारें परवानापुस्तक सांपडतें का तें पाहावें. "१९८३ सालचा क्रिकेटचा विश्वचषक आम्ही ह्याच टी.व्ही.वर पाहिला," असें काका म्हणत असतील आणि पावती १९८७ ची निघाली, तर वाद तेथेंच मिटतो.

परंतु पट्टी व पावती ह्यांची साक्ष येथें संपते. त्या टी.व्ही.पुढें कोण कोठें बसत होतें, हें कोणत्याहि पट्टीवर छापलेलें नसतें. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारीं सकाळीं 'रामायण' लागे, तेव्हां सर्व आळी एका घरांत जमे, असें वडील मंडळी मोठ्या प्रेमानें सांगतात. तें खरेंच आहे. तथापि 'एकत्र' ह्या एका शब्दाखालीं पुष्कळ गोष्टी झांकल्या जातात. खुर्चीवर कोण बसे, सतरंजीवर कोण, उंबरठ्याशीं कोण उभें राही, खिडकीच्या गजांस धरून बाहेरून कोण पाही? सर्वांसाठीं चहा करतां करतां स्वयंपाकघरांतून नुसते संवाद कोण ऐके? आणि कोणाच्या मुलास "आज बंद आहे" असें सांगून परत लावण्यांत येई? घरधन्याची आठवण म्हणते, "आमचें दार सर्वांस उघडें होतें." गजाबाहेरच्या मुलाची आठवण वेगळी आहे, आणि ती आजवर फारशी कोणी विचारलेली नाहीं.

कोणी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? जुने कार्यक्रम फोनवर हवे तेव्हां पाहावयास मिळतात. कार्यक्रम मिळतात, हें आम्हांस मान्य आहे. पण तुमची ओसरी व तुमचे शेजारी तेथें मिळत नाहींत. दूरदर्शनचीं जुन्या पद्धतीचीं बहुतेक प्रक्षेपण केंद्रें २०२२ पर्यंत बंद झालीं, त्यामुळें नुसत्या अँटेनावर तो टी.व्ही. आतां मुका झाला आहे. त्याच्यापुढें बसलेलीं माणसें अद्याप बोलतीं आहेत. तीं सदैव राहणार नाहींत.

तेव्हां येत्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें एक कागद घ्यावा व मध्यें उभी रेघ ओढावी. डावीकडे यंत्रानें सांगितलेलें लिहावें, उजवीकडे माणसांनीं सांगितलेलें. त्या माणसांत ज्याच्या घरीं टी.व्ही. नव्हता असा निदान एक जण अवश्य असावा. त्याच्याकडे आपण होऊन जावें, आणि ह्या वेळीं त्यास खुर्ची देऊन आपण सतरंजीवर बसावें. दोन बाजूंत विरोध दिसल्यास तो पुसूं नये. तसाच राहूं द्यावा. मग टी.व्ही. घरांत ठेवणें अशक्यच असेल तर तो द्यावा. मात्र त्याच्या कांचेंत शिसें असतें म्हणून तो फोडूं न देतां विजेच्या टाकाऊ वस्तू रीतसर गोळा करणाऱ्यांकडेच सोंपवावा. यंत्र गेलें तरी चालेल. परंतु त्याची साक्ष न घेतां तें जाऊं देऊं नये.