बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

बेळगावची भाजी जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरते आणि केरी, साखळीमार्गे गोव्यात पोचते. कणकुंबी समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर, तर केरी अगदी घाटाच्या पायथ्याला. म्हणजे या धंद्यातली गाडी भरलेली असताना घाट उतरते आणि रिकामी होऊन चढते. त्यामुळे "मालासकट चालते, रिकामी परतताना तापते" ही तक्रार ऐकून शहरातल्या माणसाला नवल वाटेल, पण या रस्त्यावर तिच्यात नवल काही नाही.

माझ्या कणकुंबीच्या मामांच्या जुन्या ट्रकची हीच तक्रार होती. ट्रक सेकंडहँड घेतलेला. आधीच्या मालकानं केबिनमध्ये हीटर बसवून घेतला होता. आपल्याकडे ट्रकला हीटर कशाला, असं वाटेल. पण पावसाळ्यात चोर्ल्याच्या धुक्यात समोरच्या काचेवर आतून वाफ धरते, तेव्हा त्याची किंमत कळते. गेल्या पावसाळ्यात हा हीटर कधी चाले, कधी नाही, आणि काटा लाल रेघेकडे जाई. एका मिस्त्रीनं रेडिएटरची जाळी बदलायला सांगितली. दुसऱ्यानं थेट निकाल दिला की हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल, पन्नासेक हजार धरून चाला. मामांनी बाजूला ठेवलेले पैसे धाकटीच्या कॉलेजच्या फीचे होते. गाडी विकून टाकावी का, अशी चर्चा जेवताना सुरू झाली होती.

इंजिन खोलायच्या आधी मी केरीपासून कणकुंबीपर्यंत मामांच्या शेजारी बसून आलो. एकच गोष्ट बघायची ठरवली होती: आधी काय बिघडतं, काटा की हीटर? निम्मा घाट चढलो असू, हीटरचा वारा गार झाला. काटा त्यानंतर चार-पाच मिनिटांनी चढू लागला, आणि मध्येच एकदा खाली येऊन पुन्हा उडाला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. हीटर म्हणजे दुसरा, छोटा रेडिएटरच. इंजिनातलं गरम पाणी दोन बारीक होज पाइपांतून त्याच्या जाळीत येऊन परत जातं, आणि छोटा पंखा त्या जाळीवरून केबिनमध्ये वारा सोडतो. इंजिन तापलेलं आणि हीटरचा वारा गार, याचा अर्थ गरम पाणी हीटरपर्यंत पोचतच नाही. हीटरची जाळी चोंदली असती तर तो सपाटीवरही गारच राहिला असता. इथे तो जांबोटीच्या रस्त्यावर चालायचा आणि चढावर बंद पडायचा. पाणी कमी असेल तर हवा वरच्या जागी साठते. आमच्या गाडीत हीटर वरच्या अंगाला आहे, म्हणून हवा आधी त्याच्यात शिरायची. काट्याच्या सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवा आली की काटाही खोटं बोलतो, नाचतो. गाडी तापली की हीटर पूर्ण सोडायची जुनी युक्ती चांगली आहे, इंजिनाची थोडी उष्णता तिकडून निघून जाते. पण तेव्हा वारा गार येत असेल तर पुढे एक वळणही जाऊ नये. कडेला घ्यावी.

"पाणी कमी कसं असेल? बाटली फुल्ल आहे की!" मामा म्हणाले. ते खरंच होतं. रेडिएटरशेजारची प्लॅस्टिकची बाटली वरच्या खुणेपर्यंत भरलेली होती. दोन्ही मिस्त्रींनी तीच बघितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडलं. (गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं.) आत बोट घातलं तर पाणी लागेना. साडेतीन लिटर पाणी मावलं.

बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं का? झाकणात दोन झडपा असतात. पाणी तापून फुगलं की एक उघडते आणि जास्तीचं पाणी नळीतून बाटलीत जातं. गाडी गार झाली की दुसरी उघडते आणि तेच पाणी परत ओढलं जातं. आमची ती नळी मानेपाशी, क्लिपच्या आत चिरली होती. जाताना बरंचसं पाणी जायचं, येताना मात्र चिरेतून हवा ओढली जायची. रोज संध्याकाळी गाडी थोडं पाणी मागे घ्यायच्या ऐवजी थोडी हवा घ्यायची, आणि बाटली भरल्यावर जास्तीचं पाणी रस्त्यावर सांडायचं.

झाकणाचं रबरही कडक झालं होतं. ८०० मीटर उंचीवर उघडं पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणानं ०.९ बारचा दाब धरला तर ते ११५ च्या पुढे जाईपर्यंत शांत राहतं. म्हणजे सैल झाकणाची गाडी इतरांच्या आधी उकळते, तीही इंजिनात काही दोष नसताना.

गॅस्केटची शंका मात्र पुरती फेडून घेतली, कारण तिथे अंदाजावर चालत नाही. गार इंजिन झाकण काढून चालू केलं आणि पाण्यात एकसारखे बुडबुडे येतात का ते पाहिलं. आले नाहीत. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती, धुराचा वास पाण्याला नव्हता.

एक कोडं उरलं. पहाटे बेळगावच्या बाजूनं येताना हीटर चालायचा, पण कोमटच. त्याचं कारण थर्मोस्टॅटच्या घरात सापडलं: थर्मोस्टॅट नव्हताच. "गाडी तापते? काढून टाक" हा आपल्याकडचा आवडता उपाय, आणि माझ्या मते सगळ्यात महागडा. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, गार हवेत इंजिन धड तापत नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. नवा आणला, त्यावर ८२ अंश कोरलेलं होतं. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडला. उकळी फुटायच्या बऱ्याच आधी तो उघडला. मामींनी ते पातेलं पुन्हा घरात घेतलं नाही.

नवी नळी, नवं झाकण, थर्मोस्टॅट. मामा आजवर झऱ्याचं पाणी घालायचे. "मलप्रभा आमच्या गावात उगम पावते, इथल्या पाण्याला काय झालंय?" पाणी स्वच्छच, पण त्यात गंज रोखणारं काही नाही. त्यामुळे आतलं तांबूस पाणी काढून, धुऊन, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. हवा काढायला देवळाकडच्या चढावर गाडी नाकाड वर करून लावली, चाकांना दगड दिले, हीटरचा दांडा गरमवर ठेवला आणि गार इंजिन झाकण काढून चालू केलं. पंधरा-वीस मिनिटं बुडबुडे येत राहिले, तसतसं वरून भरत गेलो. हीटरचे दोन्ही होज सारखे गरम लागले तेव्हा झाकण लावलं.

सगळं मिळून खर्च चार हजारांच्या आत. त्यानंतरच्या फेरीला चोर्ला चढताना काटा मध्यावर राहिला, आणि हीटर इतका गरम की मामांनी तो अर्ध्यावर आणला. कूलंट घातल्याची तारीख त्यांनी ऑइलपेंटनं दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे. तिच्या खाली एक ओळ: "बाटली नको, झाकण बघ. गार असताना."