कुराण, बायबल आणि गुलामाची बेडी



रविवारची वंदना आटोपली की आमच्या विहारात तासभर चर्चा चालते. तिथे एका तरुणाने प्रश्न टाकला, "काका, हिंसा कुराणात जास्त की बायबलात?" हातात कुणीतरी वाटलेले पत्रक होते. कुराणातली पाच-सहा वाक्ये, मागचेपुढचे कापून छापलेली. असेच पत्रक बायबलावरही सहज काढता येईल, कारण यहोशवाच्या पुस्तकात नगरेच्या नगरे तलवारीने कापून काढल्याची वर्णने आहेत. पण त्याच बायबलात शत्रूवर प्रेम करायला सांगणारे येशूचे प्रवचन आहे. कुराणाच्या नवव्या सूरेत युद्धाची आज्ञा आहे, तर दुसऱ्या सूरेत लढतानाही मर्यादा सोडू नका आणि धर्मात सक्ती नाही, असे सांगितले आहे. वाक्याला वाक्य लावून हा हिशेब जुळत नाही.

मला वाटते, आपण दुसराच प्रश्न विचारावा. हे दोन ग्रंथ गुलामाला काय सांगतात? ज्यांच्या बापजाद्यांनी वेठ मारली, मेलेली ढोरे ओढली, त्यांनी हा प्रश्न नाही विचारायचा तर कुणी? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले ते निग्रोंची दास्यातून सुटका करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. म्हणजे हा विषय आपल्या घरात सव्वाशेहून अधिक वर्षे आहे.

बायबलातील 'निर्गम' हे पुस्तक मुळात मिसर देशातून गुलामांनी केलेल्या सुटकेचे. पण त्याच्याच एकविसाव्या अध्यायात सांगितले आहे, की धन्याने दासाला काठीने मारले आणि तो एक-दोन दिवस जगून मग मेला, तर धन्याला दंड नाही, कारण दास म्हणजे त्याचे धनच. लेवीय पुस्तक परक्या लोकांतून घेतलेले गुलाम मुलाबाळांना वारशात द्यायची मुभा देते. उलट 'अनुवाद' म्हणतो, पळून आलेला दास धन्याच्या हवाली करू नका. नव्या करारात पौल एकीकडे दासांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगतो, आणि दुसरीकडे ख्रिस्तात दास व स्वतंत्र असा भेद उरत नाही म्हणतो.

आता हे कुणी कसे वाचले ते पाहा. १८०७ साली लंडनला वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी म्हणून एक खास बायबल छापण्यात आले. मूळच्या १,१८९ अध्यायांतून त्यात फक्त २३२ ठेवले. मिसरमधून सुटका गाळली. भेद उरत नाही हे वचन गाळले. आज्ञेत राहा, हे मात्र ठेवले! आपल्याकडच्या भटभिक्षुकांनी शूद्रांना पोथी ऐकूच दिली नाही. तिकडच्या मिशनऱ्यांनी ऐकवली, पण कात्री चालवून. दोहोंत जास्त हुशार कोण, ते तुम्हीच ठरवा.

आम्ही कारकून मंडळी, आमची नजर जमाखर्चाकडे जातेच. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. कुणाला? मालकांना. बार्बाडोस बेटावर इंग्लंडच्या चर्चच्या धर्मप्रसारक संस्थेचा उसाचा मळा होता. तिथल्या गुलामांच्या छातीवर एके काळी संस्थेच्या नावाचा डाग दिलेला असे. त्या संस्थेलाही आठ हजारांवर पौंड मिळाले. गुलामांच्या खात्यावर एक पेनीही जमा नाही. उलट १८३८ पर्यंत 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकांकडे आणखी राबणूक. अर्थात हा कायदा व्हावा म्हणून झटलेले क्वेकर आणि विल्बरफोर्स हेही बायबलच वाचणारे होते, हे विसरून चालणार नाही.

कुराणाचा सूर थोडा वेगळा आहे. गुलाम मुक्त करणे हे पुण्याचे काम, चुकून खून झाला किंवा शपथ मोडली तर प्रायश्चित्त म्हणून गुलाम सोडावा, जकातीचा पैसा त्यासाठी वापरावा, आणि गुलामाने सुटकेचा लेखी करार मागितला तर तो करून द्यावा, अशी तरतूद चोविसाव्या सूरेत आहे. पहिली अजान देणारे हजरत बिलाल हे सोडवलेले हबशी गुलामच. पण युद्धात पकडलेल्या बायकांवर मालकी हक्कही कुराण मान्य करते. दार उघडे ठेवले, पण तुरुंग पाडला नाही. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील ग्रंथात हेच परखडपणे नोंदवले आहे, की गुलामांना माणुसकीने वागवण्याचे पैगंबरांचे आदेश स्तुत्य असले तरी गुलामगिरी रद्द करण्याला त्यातून आधार मिळत नाही.

तरीही ट्युनिसचा सत्ताधीश अहमद बे याने १८४६ साली, मुसलमान राजा म्हणून आणि मुफ्तींपुढे इस्लामचाच आधार मांडून गुलामगिरी बंद केली. अमेरिकेच्या १९ वर्षे आधी! आणि सौदी अरबस्तानात ती १९६२ साली, तर मॉरिटानियात १९८१ साली कायद्याने बंद झाली. कुराण तेच. २०१४ साली इराकमध्ये इसिसच्या टोळ्यांनी यझिदी बायका-मुलींना पकडून बाजारात विकले, तेव्हा त्यांनी धर्मग्रंथाचाच दाखला दिला. त्याच वर्षी शंभरावर मुस्लिम विद्वानांनी उघड पत्र लिहून त्यांना बजावले, की गुलामगिरी परत आणणे इस्लामला निषिद्ध आहे.

राज्यकारभाराबद्दल थोडक्यात. पौल म्हणतो सत्ता देवाने नेमलेली, ती माना. कुराण सत्ताधाऱ्याची आज्ञा पाळायला सांगते, तसे आपसांत सल्लामसलत करायलाही सांगते. पण मालकाविरुद्ध फिर्याद घेऊन उभे राहण्याचा समान हक्क गुलामाला दोहोंपैकी एकाही ग्रंथात मिळत नाही.

आता आपल्या घरात डोकावू. तथागतांनी उपासकांना माणसांचा व्यापार वर्ज्य सांगितला, ही अभिमानाची गोष्ट. पण विनयात पळून आलेल्या दासाला प्रव्रज्या देऊ नये असाही नियम आहे, आणि सयाम या बौद्ध देशात गुलामगिरी संपायला १९०५ साल उजाडले. म्यानमारात भिक्षूंनी चीवर अंगावर ठेवून मुसलमानांविरुद्ध द्वेष पेरला, तोही आपल्या डोळ्यांदेखत.

जोतीरावांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात एक कुटुंब कल्पिले आहे, ज्यात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी अशी सारी एका छपराखाली गोडीगुलाबीने नांदतात. त्या घरात पत्रक कोण वाटणार?

त्या तरुणाला मी सांगितले, पत्रक राहू दे, दोन्ही ग्रंथांची मराठी भाषांतरे मिळतात. पंडिता रमाबाईंनी तर बायबल मराठीत आणायला आयुष्याची कितीतरी वर्षे घातली. येत्या रविवारी निर्गमाचा एकविसावा अध्याय आणि कुराणाची चोविसावी सूरा शेजारी ठेवून वाचायची ठरली आहे. सोबत संविधानातील तेविसावे कलम, वेठबिगारीला बंदी घालणारे. ते वाचायला वीटभट्टीवर राबणाऱ्या दोन घरांतल्या माणसांनाही बोलावले आहे.