घरात राहा, पण कोणत्या घरात?

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांत ती अमलात आली. ‘घरातच राहा’ असा आदेश निघाला. श्रमिकाचे घर म्हणजे काय, याचा विचार मात्र झाला नाही. पाळीपाळीने झोपण्याची एक खोली अवघ्या कुटुंबाचा दिवसरात्रीचा कोंडवाडा बनली. मजुरी बुडाली, शाळा बंद होऊन मुलांचे दुपारचे शिजवलेले जेवण थांबले. पाण्याची रांग, चूल व आजाऱ्यांची शुश्रूषा स्त्रीच्याच माथी आली. तिच्या जनधन खात्यात शासनाने दरमहा ५०० रुपये टाकले, तेही तीनच महिने!

ज्यांचे घर परमुलखात होते ते पायी निघाले. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्याहून मध्य प्रदेशात, आपल्या मुलाबाळांकडे निघाले होते.

बंदच्या काळातील पूर्ण वेतन देण्याचा २९ मार्चचा आदेशही केंद्राने १८ मेपासून मागे घेतला. पुढील साथ येण्यापूर्वी या वेतनाची आणि प्रत्येक कुटुंबाच्या धान्याची कायद्याने हमी मिळालीच पाहिजे. त्यासाठी कामगार वस्त्यांतील स्त्रीपुरुषांना संघटित करणे हे आपले कर्तव्य आहे.