नंबर कुणाचा, वही कुणाच्या हातात?



पोस्ट थोडी मोठी आहे, पण घरात कुणी आजारी असेल तर वाचाच.

माझी मावशी नागोठण्याच्या आतल्या एका गावात राहते. वय सत्तर. गुडघे गेलेत, त्यात शुगर. पेणमधल्या एका डॉक्टरांचं औषध तिला लागू पडतं. डॉक्टर चांगले आहेत, हात चांगला आहे, म्हणूनच गर्दी असते. नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्यांच्या औषधाबद्दल नाहीच. तक्रार दारातल्या वहीबद्दल आहे.

वही सकाळी सातला बाहेर येते. कंपाउंडर नावं लिहून घेतो, साठ झाली की वही बंद. आता मावशीच्या गावातून सकाळची पहिली गाडी पकडून, नागोठण्याला बदलून, हायवेचे खड्डे आणि डायव्हर्जन पार करत पेणला पोचायला साडेआठ होतात. मागच्या महिन्यात आम्ही पोचलो तेव्हा वही बंद झालेली. कंपाउंडर म्हणाला, "उद्या लवकर या." उद्या लवकर म्हणजे किती लवकर? गाडीच नाही तर माणूस येणार कशाने? २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, चांगलं झालं. पण अर्ध्या तिकिटाची गाडी सातच्या आत पेणला पोचवत नाही.

मावशी परत जाताना म्हणाली, "आता नाय यायची मी. दुखतंय तं दुखूदे."

पुढच्या वेळी मी काय केलं ते सांगतो, लाज वाटते पण सांगतो. स्टँडवरच्या एका ओळखीच्या रिक्षावाल्याला पन्नास रुपये दिले. त्याने पहाटे जाऊन नाव लिहिलं. नंबर नऊ. मावशी आरामात दहाला आली आणि आत गेली. बाहेर बाकड्यावर वाडीवरची एक बाई लहान पोराला मांडीवर घेऊन बसली होती, तिचा नंबर पंचावन्न. पोर तापाने फणफणलेलं. माझे पन्नास रुपये तिच्या पुढे जाऊन बसले होते. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

नंबर लावायची पद्धत मुळात गरिबाच्या बाजूची आहे. जो आधी आला तो आधी, ओळखपाळख, पैसा काही चालत नाही. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा सगळे सारख्याच अंतरावरून येतात. पेणच्या आळीत राहणारा माणूस चप्पल घालून जातो, नाव लिहितो, घरी येऊन चहा पितो. हमरापूर-जोह्याचा कारखानदार पोराला बाइकवर पाठवतो. वाडीवरचा ठाकूर किंवा कातकरी आधी डोंगर उतरतो, मग गाडीची वाट बघतो. रोह्यातही तेच. धाटावच्या एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला असलेला कामगार सकाळी नंबर लावूच शकत नाही, एक खाडा पडतो. म्हणजे डॉक्टरची फी सगळ्यांना सारखी दिसते, पण खाडा, गाडीभाडं आणि रिक्षावाल्याचे पन्नास धरले तर लांबच्या माणसाला तोच डॉक्टर दुप्पट महाग पडतो.

एका डॉक्टर मित्राशी यावर भांडलो. त्याचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे. तो म्हणाला, "मी फोनवर नंबर देऊन बघितले. निम्मे लोक आलेच नाहीत. एकाच घरातून तीन नावं, आणि हाच माणूस दुसऱ्या दोन डॉक्टरांकडेही नंबर लावून बसलेला. जे दारात आले त्यांना मी काय सांगू?" खरं आहे. आपण लोक फोन करून न येण्यात पटाईत आहोत, आणि येत नाही म्हणून उलटा फोन करायचं तर आपल्या गावीही नसतं.

पण म्हणून सगळंच वहीवर सोडायचं? साठातले वीस नंबर बाहेरगावच्या लोकांसाठी आदल्या संध्याकाळी फोनवर द्या. साडेदहापर्यंत माणूस आला नाही तर तो नंबर दारातल्याला द्या, कुणाचं काही बिघडत नाही. नंबरासोबत अंदाजे वेळ सांगा, म्हणजे चाळिसाव्या नंबराची बाई सकाळपासून उपाशी बसणार नाही. शुगरवाल्यांचे हाल तर विचारूच नका. आणि तापाचं पोर, धाप लागलेला म्हातारा दारात दिसला तर वही बाजूला ठेवून आत घ्यायचा अधिकार कंपाउंडरला द्या. बरेच जुने डॉक्टर हे करतात. रांगेतले लोकही अशा वेळी सहसा कुरकुर करत नाहीत, हे मी बघितलंय.

आता सरकारी बाजू. पेणला उपजिल्हा रुग्णालय आहे, रोह्यालाही आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे. तरी मावशीसारखी माणसं तिकडे का जात नाहीत? मी गावात विचारलं. "डॉक्टर नसतात" हे उत्तर येणार हे माहीत होतं. पण दुसरं उत्तर जास्त वेळा आलं: "कुठला डॉक्टर कुठल्या वारी असतो ते कळत नाही." हाडांचा कधी, डोळ्यांचा कधी, सोनोग्राफी कधी. शंभर रुपये खर्चून जायचं आणि "आज नाही, गुरुवारी" ऐकून परत यायचं. असं दोनदा झालं की माणूस खाजगीकडे वळतो, मग कर्ज काढावं लागलं तरी.

याला नवी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. महिन्याचं वारांचं एक पत्रक काढा आणि ते आशाताईंच्या मोबाईलवर पाठवा. गावात कोण गरोदर आहे, कुणाला बीपी आहे हे आशाताईंना पाठ असतं. डॉक्टर रजेवर गेले तर आदल्या दिवशी त्याच ग्रुपवर एक ओळ टाका. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला कितीसा वेळ लागतो?

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. साप, विंचू, छातीत कळ, अपघात, बाळंतपण यांना नंबर नसतो. अशा वेळी खाजगीच्या दारात रांग बघत बसू नका. १०८ लावा, गरोदर बाईसाठी १०२ आहे, किंवा जवळचं सरकारी गाठा. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की सरकारी दवाखान्याने तातडीच्या रुग्णाला वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. आणि विंचवाचं औषध आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झालंय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रापासून सुरुवात केली, प्राझोसिनच्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू रोखता येतात हे दाखवलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. सरकारी केंद्राला नावं ठेवताना हे आठवावं.

माझी विनंती पेण-रोह्याच्या डॉक्टर मंडळींना आहे. एखाद्याने महिनाभर वीस नंबर फोनवर देऊन बघा. आणि आपल्याला पण आहे: फोनवर नंबर घेतला तर जा, जमत नसेल तर सकाळी कळवा.

ज्यांनी त्रास दिला त्या डॉक्टरांची नावं इथे कुणी लिहू नका, भांडणं नकोत. पण जे लांबच्या पेशंटसाठी अशी काही सोय करतात त्यांचे वार आणि वेळा मला जरूर कळवा. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, रोहा अशी यादी करून मी गावोगावच्या ग्रुपवर टाकतो. मावशीला पुढच्या महिन्यात परत न्यायचंय, त्याआधी झाली तर बरं.