मोरी, उंबरा आणि खालच्या काकूंचं छत

मंडळी, हल्ली ज्याला 'वेट रूम' म्हणतात ना, ती आपल्या आजीची मोरीच! टब नाही, काचेची पेटी नाही. सगळी जमीन ओली होणार हे गृहीत धरलेलं आणि पाणी मुकाट्यानं एका कोपऱ्याकडे जाणार. स्थापत्याच्या इंग्रजी पुस्तकांतही जाळीखालच्या त्या भांड्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. शब्द आपला, आणि विसरलोही आपणच :)

विषय निघाला तो आमच्या डोंबिवलीच्या घरावरून. इमारत ऐंशीच्या दशकातली. संडास वेगळा, न्हाणीघर वेगळं, आणि दोन्ही इतकी चिंचोळी की बाबांचा वॉकर आत वळतच नाही. मधली भिंत काढून एकच खोली करायची आणि दारातला उंबरा घालवायचा, असं ठरलं. (भिंतीवर इमारतीचा भार नाही हे इंजिनिअरकडून तपासून घेतलं, सोसायटीची लेखी परवानगीही घेतली.) आता घरात चर्चा कशावर, तर टाइल्सच्या रंगावर! आत्याला निळ्या हव्यात, बहिणीला बदामी.

माझं मत विचाराल तर टाइल्स सगळ्यात शेवटी. आधी पाणी कुठून जाणार ते बघा.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, ट्रॅप मधे घेऊ. जमीन चार इंच वर येईल फक्त." हे 'फक्त' मला भारी वाटलं. ट्रॅप हलवला की त्याच्यापासून बाहेरच्या पाइपपर्यंतचं अंतर वाढतं, त्या सगळ्या अंतराला उतार द्यावा लागतो आणि तो पाइप झाकायला जमीन उचलावी लागते. ठाण्याच्या मावशीच्या टॉवरमध्ये बाथरूमचा स्लॅबच फूटभर खाली घेतलाय, तिथे पाइप हवा तसा फिरवा. आमच्याकडे ती चैन नाही. उंबरा काढायचा म्हणून काम काढलं आणि त्या जागी चार इंचांची पायरी आली, तर खर्च केला कशासाठी? बाबा एक्क्याऐंशीचे आहेत.

म्हणून ट्रॅप आहे तिथेच, दारापासून लांबच्या कोपऱ्यात. कमोडही जुन्या जागी, कारण त्याचा चार इंची पाइप तर आणखी हट्टी. हलवायचंच तर शॉवर आणि बेसिन हलवा. शॉवर ट्रॅपजवळ, म्हणजे पाण्याला फार चालावं लागत नाही. जमिनीचा उतार साधारण 80 ला 1, म्हणजे सहा फुटांत जेमतेम इंचभर. पायाला तो जाणवतही नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो. सगळ्यात उंच भाग दाराशी हवा, नाहीतर उंबऱ्याविना पाणी थेट हॉलमध्ये.

ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी उभं राहतं, तेच वास आणि झुरळं अडवतं. ही गोष्ट वाटते त्याहून गंभीर आहे. 2003 साली सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून जास्त लोकांना लागण झाली. तपासात जी कारणं पुढे आली, त्यात बाथरूममधले कोरडे पडलेले ट्रॅप होते. तेव्हा गावाला जाऊन आलात की आधी जाळीवर तांब्याभर पाणी ओता.

राहिली गळती. बाथरूमच्या आतली गळती ही ज्याची त्याची जबाबदारी, सोसायटीची नव्हे. आणि ती आपल्याला कधी दिसत नाही, दिसते खालच्या काकूंना. म्हणून वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपला बूच मारून दोन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास साठवायचं. मिस्त्रीला हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्याला सांगितलंय, बाबा रे, दोन दिवसांची मजुरी घे, पण काकूंनी छत बघून 'कोरडं आहे' म्हटल्याशिवाय एकही टाइल लागणार नाही. निळी नाही आणि बदामीही नाही.